सामोवारजवळची जागा

माहबानूने मेथीची जुडी अशी पिरगळली, जशी काही जावेची मानच. जाऊ म्हणजे एशरत. चाळीस वर्षांपूर्वी ती काशानचं हे घर सोडून तेहरानला गेली, शिवणाचे वर्ग काढले, आणि आता तिच्या लेकीने तिच्यावर कादंबरी लिहिली. अख्खी कादंबरी! माहबानूची नात तराने विद्यापीठात समाजशास्त्र शिकायची. कादंबऱ्यांतल्या बायकांचं घरात किती चालतं, यावर तिचा प्रबंध होता. चार दुपारी भाजी निवडता निवडता तिने तेच पुस्तक आजीला वाचून दाखवलं.

“संपलं? मग मी कुठाय त्यात?”

“आहेस की. थोरली जाऊ चहा ओतते. दोनदा.”

“आणि तुझ्या त्या वहीत?”

तरानेने वही छातीशी धरली. “दोन रकाने आहेत, आजी. ठरवणाऱ्या बायका आणि राबणाऱ्या बायका. एशरतआजी पहिल्यात. तू... दुसऱ्यात.”

“राबणारी? मी?” माहबानूची सुरी थांबली. “अगं, सहा लग्नं जमवली मी, दोन मोडली! चहाच्या त्या सामोवारजवळ बसते ती ठरवते, पहिला पेला कुणाला नि गार झालेला कुणाला. त्या पेल्यावरून तुझ्या आजोबांना कळायचं, आज कुणाशी नीट बोलायचं ते. नऊ वर्षं त्या एशरतला तिथे टेकू दिलं नाही मी. किल्ल्या नाहीत, साखरेचा डबा नाही. रडत गेली ती. म्हणे ठरवून गेली! मी हाकलली. लिही.”

“आजी, हे लिहिलं तर तू वाईट दिसशील.”

“दिसू दे. दिसेन तरी.”

तरानेने आजीचं नाव पहिल्या रकान्यात चढवलं. माहबानू जरा सैलावली, पाठ भिंतीला टेकली. मग पोरीने सहज विचारलं, “तुला कधी जावंसं नाही वाटलं?”

माहबानू कोथिंबिरीची पिवळी पानं काढत होती. आता हिरवीही निघू लागली. पुस्तकाच्या मागच्या बाजूला एशरतचा फोटो होता, लेकीच्या खांद्यावर हात टाकलेला, सगळे दात दाखवत हसणारी. सत्तरीत असं हसतं का कुणी?

“तिला हाकलायला मी होते,” ती म्हणाली. “मला कोण होतं?”

तरानेचं पेन वहीकडे वळलं.

“हे नको लिहूस.”