काटा आपल्या जागी

"रेडिओचा काटा कुठे होता, ग्राडुस? तेवढंच सांग मला." ओलेमान मालकांनी दुकानाचं दार आतून लावलं आणि आवाज खाली आणला.

"आपल्या जागी होता, मालक."

"मग हर्मिना मावशींकडे फादर डेसिंग कॉफी पीत बसलेले असताना लाल लोकांचे गायक कुठून आले? खिडकीतून? मावशींनी फादरसाठी प्रार्थना लावायला म्हणून बटण दाबलं, तर आत कामगारांचं गाणं! फादरच्या हातातली बशी हलली म्हणे."

ग्राडुस वेसेलिंकच्या तोंडचं पाणी पळालं. मावशींचा रेडिओ गेल्याच आठवड्यात त्याने दुरुस्त करून पोचवला होता.

हॉलंडच्या पूर्वेकडचं हे कापडगिरण्यांचं गाव, साल १९५४. इथे माणूस जन्माला येतो तोच कुणाचा तरी म्हणून. कॅथलिकांचा, प्रोटेस्टंटांचा, नाहीतर लालांचा, म्हणजे समाजवाद्यांचा. बेकरी ज्याची त्याची, शाळा ज्याची त्याची, फुटबॉलचा संघही ज्याचा त्याचा. शेळ्या पाळणाऱ्यांच्यासुद्धा वेगवेगळ्या संघटना होत्या. शेळ्यांना मात्र कुणी विचारलं नव्हतं. रेडिओवर केंद्रं दोन. एकावर देवाधर्माचे लोक, दुसऱ्यावर लालांचे कार्यक्रम. आणि आता तर बिशपांचं फर्मानच चर्चमध्ये वाचून दाखवलं होतं, की कॅथलिक माणसाने लालांचं काही ऐकायचं नाही; ऐकलं तर प्रसाद बंद, आणि मेल्यावर चर्चच्या दफनभूमीत जागाही नाही.

ओलेमानांचं दुकान पक्कं कॅथलिक. तरी रेडिओ बंद पडला की लालांनाही मागच्या दाराने ग्राडुसच लागायचा. त्याची एक रीत होती. दुरुस्ती झाली की दोन्ही केंद्रं लावून बघायची, आणि यंत्र परत देताना काटा त्या घरच्या केंद्रावर आणून ठेवायचा. लोकांचा त्याच्यावर विश्वास होता तो त्या काट्यामुळे.

तो काटा आपण फिरवला होता की नाही? त्याला काही केल्या आठवेना. खोकं पुसलेलं आठवत होतं, वायर गुंडाळलेली आठवत होती, पण काट्यावरचा हात काही आठवत नव्हता. कामावर असताना तो आता प्रत्येक रेडिओ दोनदा बघायचा, दार ओढून बाहेर पडायचा आणि पुन्हा आत येऊन तिसऱ्यांदा बघायचा. जेवताना बोटं उगाच टेबलावर गोल फिरायची.

"अहो, पुरे आता," बायको अलेडा म्हणाली. "चार दिवसांनी विसरतील लोक."

पण रविवारी चर्चमध्ये फादर डेसिंग प्रसाद देत देत हर्मिना मावशींपर्यंत आले आणि त्यांना वगळून पुढच्या बाईकडे वळले. मावशी डोळे मिटून तोंड उघडं ठेवून तशाच गुडघ्यावर. सगळं गाव बघत होतं. ग्राडुसला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"म्हातारीने जन्मभर तो उंबरठा झिजवलाय गं," तो घरी येऊन म्हणाला. "नवऱ्याशेजारी पुरायचंसुद्धा नाकारतील तिला. माझ्या चुकीपायी."

"आणि तुम्ही जाऊन सांगितलंत तर? घरादाराच्या पोटावर पाय द्याल!"

तो गेलाच. फादर वयाने त्याच्याहून लहान होते, आणि वाईट माणूस नव्हते. त्यांनी खुर्ची दिली.

"फादर, मावशींचा दोष नाही. काटा माझ्या हातून तिकडे राहिला."

"म्हणजे तुम्ही ते केंद्र लावता?"

"लावून बघावंच लागतं."

"बघून झालं की लगेच बंद करता?"

इथे खोटं बोललं असतं तरी चाललं असतं. पण त्याचा पिंडच तसा नव्हता. "गाणं चालू असलं तर संपेपर्यंत राहू देतो, फादर. चांगलं गातात ते."

फादरनी उठून त्याच्यासाठी दार उघडलं. पुढच्या रविवारी मावशींना प्रसाद मिळाला. त्याच्या दुसऱ्या दिवशी ओलेमानांनी ग्राडुसला बोलावून त्याचा हिशेब चुकता केला. चर्चच्या शाळांचे सगळे रेडिओ दुरुस्तीला त्यांच्याकडेच यायचे; लालांचं ऐकणारा माणूस ठेवला तर ते बंद झाले असते. "माझा नाइलाज आहे रे बाबा," ते म्हणाले, आणि त्यांच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं. गावातल्या लालांना वाटलं, आता हा आपला झाला. एकाने रस्त्यात हात पुढे केला, "या कॉम्रेड!" ग्राडुस टोपीला हात लावून पुढे निघून गेला. तो कुणाचाच झाला नव्हता.

मग हर्मिना मावशींचा निरोप आला. गेला तर त्यांनी आधी खिडकी लावून घेतली.

"बस. तुला एक सांगायचंय, आणि मग हवी तर थोबाडीत मार माझ्या. काटा मी फिरवला होता."

"काय?"

"लाम्बर्ट गातो रे तिकडे."

लाम्बर्ट म्हणजे त्यांचा मुलगा. चर्चच्या गायकांत त्याच्यासारखा खर्जाचा आवाज दुसरा नव्हता. अ‍ॅम्स्टरडॅमला गेला, लाल घरातली मुलगी केली, त्यांच्याच संघटनेत शिरला. तेव्हापासून या घरात त्याचं नाव कुणी काढलं नव्हतं.

"त्याचे वडील होते तोवर धाडस झालं नाही. आता लावते कधीमधी. त्या दिवशी काटा परत फिरवायचा राहिला आणि फादर दारात! बोलणार होते रे मी. जीभच उचलली नाही. आज जाऊन सांगते."

ग्राडुसने ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. "मावशी, मी आणून दिला तेव्हा काटा कुठे होता?"

"अगदी आपल्या जागी. तू कधी चुकलायस?"

त्याने इतका मोठा श्वास सोडला की मावशी दचकल्या. "मग नका सांगू कुणाला," तो म्हणाला. "नोकरी काही परत येत नाही. तुमचं चर्च तेवढं सुटेल."

मावशी रडल्या. मग आईमागे लपलेल्या पोरीसारख्या हळूच म्हणाल्या, "आता त्यांचंच चालू असेल. मला नेमकं शोधेपर्यंत अर्धं गाणं संपतं. लावतोस?"

त्याने काटा पलीकडे नेला. पन्नासेक पुरुष एका दमात गात होते. मावशींनी रेडिओच्या कापडावर तळवा टेकला.

"हा बघ. हा माझा."

ग्राडुसला त्यातला एकही आवाज वेगळा काढता आला नाही. तो मान हलवत राहिला.

गाणं संपल्यावर त्याने काटा परत आणून आपल्या जागी ठेवला, टोपी घातली आणि दार ओढून घेतलं. रस्त्याला लागल्यावर त्याच्या लक्षात आलं, की आज तो पुन्हा बघायला मागे फिरला नव्हता.