मिठात पुरलेला विळा

मी एक जुना विळा आहे, मित्रांनो, आणि आधीच सांगून ठेवतो, माझं डोकं जरा तापलेलं आहे. म्हाताऱ्या विळ्यानं गोड बोलावं अशी तुमची अपेक्षा असेल. असू द्या. आधी ऐका, मग तुम्हीच बोला.

माझा जन्म जवळा बाजारचा. त्याआधी मी कुठल्याशा ट्रकच्या कमानीचा पाटा होतो म्हणे. मला त्यातलं काही आठवत नाही. लोहारानं मला भात्यापुढे लाल केलं, ठोकलं, वाकवलं, छिन्नीनं बारीक दाते पाडले आणि बाभळीची मूठ बसवली. आठवडी बाजारात मी पोत्यावर पडलो होतो. मालनबाई आली. तिनं बाकीचे विळे उचलून परत टाकले, मला मात्र मुठीत धरून मनगट फिरवलं आणि म्हणाली, "ह्यो बसतोय हाताला." झालं माझं बारसं.

मालनबाईचं घर बौद्धांचं. भिंतीवर दोन तसबिरी, एक बुद्धाची आणि एक बाबासाहेबांची. देव्हारा नाही, अंगारा नाही, लिंबूमिरची नाही. खंडेनवमीला गावातल्या इतर विळ्यांना हळदकुंकू लागायचं, झेंडू मिळायचा. मला काही नाही. मालनबाईचे यजमान अमृतराव म्हणायचे, "इळ्याला पूजा न्हाई, धार पाहिजे." पण तेच अमृतराव संध्याकाळी उंबऱ्यात बसून मला दगडावर घासायचे, पुसायचे, तेलाचं बोट फिरवायचे. खरं सांगतो, मला झेंडूची कधी उणीव वाटली नाही.

नव्वदच्या सालांत मी ज्वारी कापली, बांधाचं गवत कापलं. मग सगळीकडे सोयाबीन आली, तिची ती दांडगी खोडं कापली. शेजारच्या ओळीत नेहमी अनुसयाबाई असायची, मालनबाईची जोडीदारीण. दोघींचं गुत्तं, म्हणजे कापणीचा ठेका, एकत्र, भाकरी एका फडक्यात, भांडण मात्र रोज नवं. "अनुसया, तुझी ओळ मागं पडली," अशी मालनबाई टोचायची. "पडू दे की, तुझ्यावाणी मला काय गाडी गाठायची हाय?" असं अनुसयाबाई म्हणायची आणि पुढे निघायची. ते माझे सुखाचे दिवस होते.

मग शीतल मोठी झाली. मालनबाईची एकुलती एक लेक. औंढ्याला कॉलेजला जायची. तिथल्या नेट कॅफेत कसला तरी निकाल बघायला गेली आणि एका भलत्याच पानावर जाऊन अडकली. विक्का नावाचा विलायतेकडचा नवा पंथ. चंद्राची देवी, शिंगांचा देव, झाडं, पाऊस, वारा, ऋतू हेच पवित्र. मधे पुजारी नाही. कुणाला इजा होऊ देऊ नको आणि मग मनाला येईल ते कर, असा त्यांचा एक मोठा नियम. नव्या माणसानं वर्ष आणि एक दिवस शिकायचं, मग स्वतःच स्वतःला दीक्षा द्यायची. शीतलनं पानं छापून आणली आणि गादीखाली ठेवली.

हे सगळं मला कसं ठाऊक? पोरगी बोलणार कुणाशी, मित्रांनो? परसात गवत कापताना माझ्याशीच बोलायची. तिकडच्या बायका स्वतःला अभिमानानं चेटकीण म्हणवतात, हेही तिनं मला सांगितलं, पण अगदी हळू आवाजात. आमच्याकडे तो शब्द मोठ्यानं निघाला की एखाद्या म्हातारीशी गल्ली बोलणं टाकते.

नवशिकीचे हालच हाल. पानांवर लिहिलेलं की फेब्रुवारीत बर्फ वितळतो, त्याचा सण करा. आमच्याकडे तेव्हा उन्हासाठी डोक्याला पदर लागतो. पानांवर लिहिलेलं की ऑगस्टच्या एक तारखेला पहिलं पीक घरात आणा. त्या दिवशी सोयाबीन गुडघ्याला लागत नव्हती. बिचारीनं जुन्या ज्वारीची भाकरी केली आणि तिच्यापुढे मेणबत्ती लावली.

"काहून गं," मालनबाई चुलीपासून म्हणाली, "भाकरीचा वाढदिवस हाय का आज?"

शीतल हसली नाही. फुंकर मारून मेणबत्ती विझवली आणि बाहेर जाऊन बसली. एकटीनं एखादी गोष्ट धरायची म्हणजे काय, ते मी त्या दिवशी पाहिलं. मला तिचा राग नव्हता आला. तोवर तरी.

पौर्णिमा मात्र दोन्हीकडे एकच. विहारात वंदना झाली की पोरगी गच्चीवर जाऊन चंद्राकडे बघत बसायची. येत्या आश्विनातल्या पौर्णिमेला तिचं वर्ष भरणार होतं. दीक्षेला एक पातं लागतं, काळ्या मुठीचं. त्यानं काही कापायचं नाही, फक्त हवेत वर्तुळ आखायचं. बाजारातली सुरी तिला पटेना. माझी मूठ घामानं काळी झालेली, आणि माझा आकार चंद्रकोरीचा. पोरगी भाळली. ऐन सोयाबीन पिवळी पडायच्या दिवसांत तिनं मला वळचणीतून काढलं आणि फुटक्या घमेल्यात जाड्या मिठात पुरलं. वरून पाणी शिंपडलं. कशासाठी? तर माझ्यातली जुनी ऊर्जा निघून जावी म्हणून! अहो, जुनी ऊर्जा म्हणजे धार. ती काढून विळ्यात उरतं काय?

धान्याच्या पोत्यांमागे, अंधारात, ओल्या मिठात मी पडून राहिलो. लोखंडाला मीठ म्हणजे काय, हे त्या पानांवर लिहिलेलं नसावं. माझे दाते एकेक करून भुसभुशीत होऊ लागले. बाहेर सोंगणी सुरू झाली. शेंगा वाळल्या की तडकतात, दाणा मातीत जातो, त्याला मग कुणी थांबवू शकत नाही. मालनबाईनं घर पालथं घातलं. शीतल समोर उभी होती. तिनं तोंड उघडलं नाही. पौर्णिमा चार दिवसांवर आलेली.

मालनबाईच्या मनानं मग नको तो रस्ता धरला. मी नाहीसा होण्याच्या आदल्या दिवशी बांधावर गवत कापताना जवळ अनुसयाबाईच होती. मालनबाई शेतात बायकांसमोर काहीबाही बोलली असावी, कारण संध्याकाळी अनुसयाबाई दारात येऊन उभी राहिली.

"मालन, बाहेर ये. माझ्या तोंडावर बोल."

"काय बोलू? बांधावर तूच होतीस."

"व्हते. मंग? तुझा इळा गिळला का म्या?"

"गिळला न्हाई. चुकून गेला असंल तुझ्या भाऱ्यात, येवढंच म्हणलं."

"येवढंच? साऱ्या रानाला ऐकवलंस! इतकी वर्सं एका फडक्यात भाकर खाल्ली, अन् मला चोर करून राहिलीस व्हय?"

आतून शीतल आली. तिचा तो नियम, कुणाला इजा होऊ देऊ नको हा, तिला तेव्हा आठवला असेल. आठवला म्हणूनच ती आली, हे मी तिच्या पदरात टाकतो. तिनं घमेलं उचलून आणलं आणि उंबऱ्यात ठेवलं.

"माय, म्या नेला. मावशीनं न्हाई."

मिठातून मला बाहेर काढलं तेव्हा मी तांबडा झालो होतो. अनुसयाबाई वाकून बघत राहिली. "काय गं हे? पोरीला बाहेरचं झालं का काय?"

"आमच्या घरात बाहेरचंबिहेरचं चालत न्हाई," मालनबाई फणकारली. मग तिचा आवाज पडला. "अनुसया, चुकलं माझं. बस जरा. च्या टाकते."

"नगं." अनुसयाबाईनं डोक्यावर पदर घेतला आणि ती गेली.

अमृतरावांना सगळं कळलं तेव्हा त्यांनी मिठाचं घमेलं परसात पालथं केलं. मग म्हणाले, "आमी तेहतीस कोटी सोडले, अन् पोरीनं एक विलायतेवरून मागवली."

"बाबा, तिथं पुजारी न्हाई, जात न्हाई, बाईचा विटाळ न्हाई."

"ते तर विहारात बी न्हाई."

"विहार तुमी शोधला, बाबा. हे म्या शोधलंय."

अमृतरावांनी मला उचललं आणि दगडावर घासायला बसले. गंज गेला, पण दातेही गेले. त्यांनी मला बाजूला ठेवलं तेव्हाच माझी कापणी संपली, हे मी समजलो. मालनबाईनं ती सोंगणी मागून आणलेल्या विळ्यानं केली. हाताला फोड आले. ओळीत शेजारी कुणी नव्हतं.

आता माझ्या रागाचं खरं कारण ऐका. शीतलनं औंढ्याच्या नेट कॅफेत जाऊन पुण्याच्या एका बाईला विचारलं; त्या पंथात जुनी असलेली ही बाई तिला नेटवर भेटली होती. तिचं उत्तर आलं. लोखंडाला मीठ लावू नये, आणि पातं नसलं तर बोटानंही वर्तुळ आखता येतं. बोटानं! छापलेल्या पानांत शेवटी शेवटी हेच लिहिलेलं होतं. पोरीनं तिथवर वाचलंच नव्हतं. पौर्णिमेला चंद्र वर आला तशी ती गच्चीवर गेली आणि रिकाम्या हातानं दीक्षा घेतली. खाली येताना तिचा चेहरा शांत होता. मी भिंतीला टेकून बघत होतो. आनंद व्हायला हवा होता मला. नाही झाला.

पुढे शीतल नोकरीला नांदेडला गेली. अजून पौर्णिमा पाळते म्हणे. अनुसयाबाईनं दुसरं गुत्तं धरलं. वाटेत भेटली तर बोलते, पण बसत नाही.

मित्रांनो, वस्तू वापरून झाली की पुसून ठेवा, लोखंडाला तेलाचं बोट लावा, एवढं तर मी सांगणारच. नवी श्रद्धा धरायची तर खुशाल धरा. फक्त दुसऱ्याच्या हाताला बसलेली वस्तू नेताना त्याला विचारा. मालनबाई कुरकुरली असती. विलायती देवीला दोन शिव्या हासडल्या असत्या. सोंगणी होऊ दे, मग ने, म्हणाली असती. पण देऊन टाकलं असतं तिनं मला. वर्षानुवर्षं मी तिच्या मुठीत होतो, मला माहीत आहे. तिला कुणी विचारलंच नाही.