माझ्या पाठीवरची दोन अक्षरं

सांगा पाहू, स्वतःच्या जन्माबद्दल विश्वास ठेवायचा कोणावर? आपण जातीने हजर असतो, पण साक्ष देता येत नाही. आई सांगेल ते खरं मानायचं. मला तर आईही नाही. भट्टी होती, ती कधी बोलली नाही.

मी एका जुन्या लष्करी रायफलीवरची नेमपट्टी बोलतेय. बोटभर लांब, लोखंडी. मला उभं करायचं, सरकती खिटी हव्या त्या आकड्यावर आणायची आणि नेम धरायचा, एवढंच माझं काम. पण माझे आकडे माहितीतल्या कुठल्याच रायफलीशी जुळत नाहीत, वर एक भोकही जास्तीचं. रायफल कधीच गेली. दार जाऊन कडी उरावी, तशी मी उरले.

माझा मालक लष्करी कारखान्यात फिटर होता. तो म्हणे, "हिला मीच कानस मारलीय. पाठीवर माझी दोन अक्षरं आहेत." त्याचा धाकटा भाऊ खो खो हसे. "दादा, भंगारातून उचललीस ना रे?"

तुम्ही म्हणाल, खरं काय ते तुलाच ठाऊक! अहो, इतक्या हातांनी मला घासलं, की कोणता हात कोणाचा हे विचारणं म्हणजे बाळाला सुईणीचा पत्ता विचारणं. आणि पाठ तर कोणालाच स्वतःची दिसत नाही.

फिटर वारला, थट्टा मात्र जिवंत राहिली. चार पाहुणे जमले की काका सुरू. "आमच्या दादाची लढाई भंगारबाजारातली!" फिटरची मुलगी म्हणे, "लहानपणी ती अक्षरं मी बोटाने चाचपलीत." काका म्हणे, "तेव्हा तू एवढीशी होतीस." पुढे तर पाठीवर गंजच चढला. शेवटी तिने मला रुमालात गुंडाळून जुन्या वस्तूंच्या दुकानात नेलं.

"विकायची नाहीये, अण्णा. फक्त ओळखून द्या. बाबा खोटं बोलत नव्हते, एवढंच मला हवंय."

अण्णा दुकानदार पक्का, पण मनाचा मोकळा. त्यांच्या दुकानाचा एकच नियम होता: आधी चमक, मग चर्चा. लोखंड दारात आलं की थेट त्यांच्या बायकोच्या, म्हणजे वहिनींच्या, रॉकेलच्या डब्यात. मीही गेले. न्हाऊनमाखून बाहेर आले ती नव्या नवरीसारखी!

अण्णांच्या ओळखीचे एक निवृत्त सुभेदार आले, म्हणाले, "परदेशी माल." बंदूक दुरुस्तीवाला म्हणाला, "छे, चाचणीसाठी बनवलेला नमुना." दोघांनी चहा मात्र एकमताने घेतला. मग अण्णांनी मला उलटं केलं. पाठ गुळगुळीत.

"अगं, इथे काही होतं का?"

"गंजाखाली दोन ओरखडे होते. मी म्हटलं मळ असेल. घासून घासून हात दुखले हो माझे!"

अण्णा मटकन बसले. बंदूकवाला हसला. "दोनच अक्षरं ना? द्या इकडे, आत्ता कोरतो. वर चहाचं पाणी लावलं की झाली म्हातारी."

"आणि तो काका भिंग घेऊन आला तर?" वहिनी म्हणाल्या.

"काकाचं सोड," अण्णा म्हणाले. "ती पोर जन्मभर याची अक्षरं बापाची म्हणून कुरवाळत बसेल."

मुलगी आली तेव्हा त्यांनी सगळं सरळ सांगून टाकलं. तिचा चेहरा पडला. मग तिने वहिनींना हळूच विचारलं, "गंजाखाली होते? नक्की?"

"खालीच. वर असते तर पहिल्या हातालाच गेले असते."

"मग उठा. चला माझ्याबरोबर."

वहिनी पदराला हात पुसत निघाल्या. सगळं ऐकून काका गरजला, "म्हणजे पुसून टाकलीत?"

"टाकली. पण भाऊ, पुसायला आधी असावी लागतात."

काकाने मला उलटं करून पाठीवरून बोट फिरवलं.

आता मी मुलीच्या पुस्तकांच्या फळीवर असते. कुठल्या देशाची, कुठल्या रायफलीची, ते आजही कोणाला ठाऊक नाही. काका मात्र असा पालटलाय, की पाहुण्यांना सांगतो, अख्खी रायफलच दादाने घडवली! मुलगी तिथेच टोकते, "काका, दोन खुणा होत्या. तेवढंच."

माझी गोष्ट तुम्हीही कुठेतरी सांगालच. सांगा, पण हिशेब चोख ठेवा. कळलेलं वेगळं मांडा, वाटलेलं वेगळं. आणि आपल्याच हातून जे पुसलं गेलं, ते सगळ्यात आधी मांडा.