झोळातलं पीठ

“बाबा, लोकांचं पीठ कमी का भरतं?”

हे बापाला तोंडावर विचारून दाखव, असं म्हणून मैत्रिणींनी भिंगरीला डिवचलं होतं. भिंगरी म्हणजे गिरणीवाल्याची लेक. पाय एका जागी ठरत नाही म्हणून हे नाव पडलेलं. साथीनं शाळा बंद, तेव्हा पोरी विहिरीपाशी लांब लांब बसून गप्पा छाटायच्या. तिथंच त्यांच्यातल्या लांबडीनं काडी टाकली. म्हणाली, आमची आई धान्य मापून पाठवते, पीठ मापून घेते, ओंजळभर गायब असतंच. “विचारशील, का बापाला घाबरतेस?”

घाबरेल ती भिंगरी कसली. तडक गिरणीत आली, विचारून मोकळी झाली.

बाबानं पट्ट्यावरची नजर काढली नाही. “उडतं थोडं,” एवढंच बोलला.

उडतं? मग साथीआधी कसं उडत नव्हतं? तेव्हा बाया गिरणीत दाटीवाटीनं उभ्या असत. पीठ ज्यातून पडतं त्या कापडी झोळाला ज्या त्या बाईनं स्वतः थोपटून घ्यायचं. आता दार लावलेलं. पिशवी ओट्यावर ठेवायची, हाक मारून मागं सरायचं. आत काय शिजतंय ते गिरणीवाला जाणे. बाजार बसला होता, तोडलेली भाजी बांधावर सडत होती, शहराकडून ट्रक येत नव्हते. घरात होतं नव्हतं ते धान्य पुरवून पुरवून खायचं. अशात ओंजळभर पीठ म्हणजे एका माणसाचं पोट.

भिंगरीनं बापावर पाळत ठेवली. मागच्या फटीतून पाहिलं, तर एकेक दळण संपलं की बाबा झोळ सोडायचा, कोपऱ्यातल्या पिंपात झटकायचा, परत बांधायचा. बाबा चहाला गेला तशी ती आत शिरली आणि झाकण उचललं. पिंपात पांढरे, पिवळे, करडे थर. गावातलं प्रत्येक घर त्यात होतं.

“बघून झालं?” बाबा दारात उभा.

मग त्यानं सांगितलं. एकाचं झोळात राहिलेलं दुसऱ्याच्या पिशवीत जायचं, दुसऱ्याचं तिसऱ्याच्या. पूर्वी त्याचं कुणाला काही नव्हतं, सगळ्यांचं फिटायचं. पण आता कुणाच्या घरात आजार आहे कोण सांगतंय? सगळे लपवतात. म्हणून झोळ रिकामा करायचा. बोललो असतो तर गिरणीतच आजार आहे म्हणून बोंब झाली असती, गिरणी बंद पडली असती. मग काय, लोकांनी दाणे चावायचे?

भिंगरीच्या मनावरचं ओझं उतरलं. लांबडीचं तोंड कसं बंद करायचं याची वाक्यंसुद्धा मनात जुळली. आणि तेवढ्यात ती अडली.

“पण बाबा, झटकलेलं ज्याचं त्याच्याच पिशवीत का नाही टाकलं?”

बाबानं पिंपाकडे पाहिलं. पिंपात एक वाटी रुतलेली दिसली. वाटी त्यांच्याच स्वयंपाकघरातली.

“पहिले काही दिवस सुचलंच नाही त्यांना,” बाबाच्या मागून आत आलेली आई म्हणाली. “सुचलं तोवर आपला डबा खडखडीत झाला होता. गिरणीत येणारं दळण निम्म्यावर आलेलं. तू रोज पोटभर जेवतेस ते कुठून येतं वाटलं तुला?”

“आधी मी एकट्यानं खाऊन बघितलं,” बाबा हळूच म्हणाला. “मला काही झालं नाही, तेव्हाच तुम्हाला दिलं.”

या बापावर चिडावं की त्याच्या गळ्यात पडावं, भिंगरीला कळेना. तिनं वाटी उचलली, पदरानं पुसायला आईकडे दिली आणि पिंपाचं झाकण भिंतीला टेकवलं.

“उद्यापासून दार उघडं राहील,” ती म्हणाली. “बाया अंगणात लांब उभ्या राहतील. जिचं झोळातलं तिच्या पिशवीत, तिच्यासमोर, मी झटकणार. पिंपातलं उरलेलं आपल्याला बाधलं नाही, ते सांगूनच घरोघर वाटायचं. आणि आपण खाल्लं, तेही मीच सांगणार आहे. पहिल्यांदा लांबडीच्या आईला.”