दुकानापुढची गाडी

बसपट्ट्याचा आराखडा केला होता धाकटीनेच, आणि तिथेच सगळी पंचाईत होती. ती शहराच्या नियोजन खात्यात अधिकारी. बाजाररस्त्याच्या कडेला लागणाऱ्या गाड्या हटवून तिथून फक्त बस सोडायच्या, असा तिचा बेत. आणि त्याच रस्त्यावर तिच्या बाबांचं चष्म्याचं दुकान. "माझ्या पोटावर पाय देणार असशील तर या घरात पाऊल टाकू नकोस," बाबांनी बजावलं होतं. बाबांचं सगळं एक घाव दोन तुकडे! धाकटीला रडू आलं, पण आराखड्यातली रेघ काही तिने हलवली नाही. शेवटी लेक कोणाची?

सुनावणीला सभागृह खच्चून भरलं. व्यापाऱ्यांचे पुढारी म्हणून बाबाच आधी माइकपाशी आले. "गाडी लावायला जागा नाही, तर गिऱ्हाईक येईल कशाला? हवा खायला?" टाळ्यांचा कडकडाट झाला.

धाकटी उठली. "रस्ता म्हणजे शहराची जमीनच, तीही सगळ्यांत महागडी. तिच्यावर दिवसभर कोणाच्या गाड्या झोपा काढतात, ते एकदा कळू द्या. ज्यांची स्वतःची गाडी आत्ता स्वतःच्या दुकानापुढे उभी आहे, त्यांनी हात वर करा."

जो तो खाली बघू लागला. आपल्याच पायावर धोंडा कोण मारून घेणार हो? एकही हात वर गेला नाही तर आराखडा बारगळणार, हे धाकटी जाणून होती. पण आपला बाप खोटं बोलणार नाही, याचीही तिला पुरती खात्री होती. ती सरळ त्यांच्याकडे बघत उभी राहिली.

बाबांनी घसा खाकरला आणि हात वर केला. "आहे माझी. सकाळपासून आहे!"

"काय हे, शेठ!" शेजारचा कापडवाला कुजबुजला.

"मग काय खोटं बोलू? तुझी माझ्याच गाडीला चिकटून उभी आहे. कर हात वर!"

हशा पिकला. मग एकेक करत हात वर जात राहिले. गिऱ्हाइकाला जागा मुळात कधी होती, हे विचारायची गरजच उरली नाही. अध्यक्षांनी बसपट्टा मंजूर केला.

बाहेर पायऱ्यांवर बाबा तोंड फुगवून उभे होते. "बसचा थांबा कापडवाल्याच्या दारात कशाला ठेवलास गं? माझ्या दारात काय काटे होते?"

"थांबा हलणार नाही, बाबा."

"ते घरी येऊन सांग," बाबा म्हणाले. "उपाशीपोटी मी भांडत नसतो."