गोणपाटातलं रोप

"काढा म्हंते ते गोणपाट. जित्या रोपाला कफन घालून बसलाय." फख्रिया सकाळीच नवऱ्यावर तुटून पडली होती.

मुतशर हज्जी रोपापुढं पाय रोवून उभा. "न्हाई काढायचं. वरनं काय पडतंय बघ की."

वरून काजळी पडत होती. बसऱ्याजवळच्या आमच्या गावात कालव्यापल्याड तेलाच्या विहिरींवर रात्रंदिवस गॅस जळतो. वारा इकडचा झाला की वाळत घातलेली धुणी काळी होतात. हज्जीची खजुराची बाग त्यातच गेली. शेवटच्या झाडाच्या बुंध्याशी फुटलेलं एकच पिल्लू त्यानं काढून लावलं होतं. नव्या रोपाला झावळ्या-गोणपाटात गुंडाळायची आमची रीतच आहे, पण शेंडा मोकळा ठेवतात. हज्जीनं भीतीपोटी शेंडाही शिवून टाकला होता. मी शेजारी, रोज बघत होतो. पण त्या हेकट म्हाताऱ्याला सांगणार कोण?

"पान उनावर जगतंय," फख्रिया म्हणाली. "ऊनच न्हाई तर खाईल काय?"

"काजळी बसल्यावर कुठलं ऊन? थोरल्या झाडाची पानं आधी काळी झाली, मग पिवळी, मग झाडच गेलं. पुन्हा तेच बघू व्हय?" हज्जी म्हणाला.

तिनं विळ्यानं शिवण उसवली. आतली पानं पांढुरकी, पिवळट, हात लावायची भीती वाटावी अशी. हज्जी मटकन खाली बसला.

"मीच मारलं गं."

"मेलं न्हाई अजून. उपाशी हाय. उठा."

कालव्याचं पाणी खारट, म्हणून तिनं पानं पुसायला प्यायच्या पाण्यातलं तांब्याभर काढून दिलं. तेव्हापासून हज्जी रोज सकाळी डोक्याचा रुमाल भिजवून एकेक पान पुसायचा, आणि संध्याकाळी पानं पुन्हा काळी व्हायची.

मग एक दिवस शेंड्यातून हिरवंगार पान वर आलं. मी मुबारक म्हणायला गेलो, तर हज्जी पान पुसता पुसता खोकत होता. खोकला थांबेचना.

फख्रिया मला बाजूला घेऊन हळूच म्हणाली, "जब्बारभावजी, पानावरचं पुसता येतंय. ह्यांच्या छातीतलं कशानं पुसू?"

वारा पुन्हा गावाकडं वळला होता. मी घरी आलो, पोरांना आत घेतलं, खिडकीच्या फटींत चिंध्या कोंबल्या आणि भर दिवसा दार लावून बसलो.