बिळाच्या तोंडाशी

"अजून नाही," एनॉक संटर म्हणाला, आणि त्याच्या लेकीच्या, थर्झाच्या, तळपायाची आग मस्तकात गेली.

लागोपाठ चौथ्या शनिवारी तेच उत्तर. त्यांची नवी फेरेट टिब साडेपाच महिन्यांची झाली होती. फेरेट म्हणजे मुंगसाच्या अंगलटीचं, पण माणसाळवलेलं जनावर. सशांच्या बिळात सोडायचं, ससे घाबरून बाहेर पळतात आणि तोंडाशी लावलेल्या जाळ्यांत सापडतात. नवं फेरेट बिळात कधी सोडायचं हा प्रश्न आला की अख्ख्या खोऱ्यातले लोक एनॉककडे यायचे. एनॉक फेरेटला उलटंपालटं करायचा, दात बघायचा, हुंकार द्यायचा. मग तो म्हणेल ती पूर्व.

फेरेटांचं सगळं करायची मात्र थर्झा. पिंजरा धुवायचा, दूधपाव कालवायचा, सशाचं काळीज बारीक करून भरवायचं, सगळं तिनं. अडतीस वर्षांची बाई, लग्न केलं नाही, बापाचं घर सांभाळलं, आणि लोक म्हणणार काय, तर 'एनॉकची फेरेटं'. टिबला तिनं परसातल्या मातीच्या नळीतून शंभरदा फिरवलं होतं. नळीच्या तोंडाशी थर्झा तळवा उघडा टेकवून बसायची. टिब यायची, थांबायची, नाक हलवायची आणि आपणहून तळव्यावर चढायची. शेजारी पत्रा बडवला तरी बिचकायची नाही. आणखी काय तयार व्हायचं राहिलं होतं?

"पण का नाही?" थर्झानं विचारलं.

"मी म्हणतो म्हणून. गेल्या हंगामात तीन वाया गेली, विसरलीस? बिळाच्या तोंडाशी येऊन मागे सरणारं जनावर काय कामाचं? मग उगाच फावडं हाती घ्यायला लागतं."

ते फावडं थर्झा विसरणं शक्य नव्हतं. असं दबणारं फेरेट निघालं की एनॉक त्याला शेडमागे न्यायचा आणि फावड्याच्या एका घावात संपवायचा. पुरायचं काम थर्झाचं. नऊ वर्षांची असताना तिनं पहिलं पुरलं होतं. त्याचं नाव मॉथ होतं आणि ती दोन दिवस जेवली नव्हती.

एरवी बिळात जाणारी टिबची आई पाय मुरगळून पडली होती आणि तिकडे अल्डरसनच्या शेतातले सलगम ससे फस्त करत होते. थर्झानं बूट चढवले, जाळ्या घेतल्या, टिबला गवताच्या पेटीत घातलं, फावडं खांद्यावर टाकलं आणि बापाला न सांगता बांधाची वाट धरली.

अर्ध्या तासात म्हातारा काठी टेकत मागोमाग आलाच. बिळांपाशी बोलायचं नसतं, पावलांचाही आवाज करायचा नसतो. त्यामुळे बापलेकीचं सगळं भांडण कुजबुजत झालं.

"निर्लज्ज! आण ती इकडे!"

"नाही आणणार."

"मग तू भिंतीपलीकडे जा. बिळाशी मी बसतो."

ही त्याची कायमची रीत. बिळाच्या तोंडाशी एनॉक एकटा, आणि थर्झा दगडी भिंतीच्या पलीकडच्या जाळ्यांवर. तीस वर्षं तिनं त्या भिंतीचं शेवाळ तेवढं बघितलं होतं.

"आज इकडेच बसणार मी," ती म्हणाली, आणि अकरा तोंडांवर अकरा जाळ्या लावून तिनं टिबला आत सोडलं.

जमिनीखालून धपधप ऐकू आलं. आत ससे पाय आपटत होते. पहिला ससा गोळीसारखा जाळीत आला, थर्झानं झडप घालून त्याची मान मोडली. मागोमाग दुसरा, मग तिसरा. तिला हसू आवरेना. एनॉक वरच्या अंगाला बसून मिशी चावत होता.

मग टिब आली. थेट बापलेकीच्या मधल्या तोंडाशी. डोळे मिचकावत थांबली. थर्झानं जाळी अलगद बाजूला केली आणि तळवा उघडा टेकवला. थांबायचं, बस्स. ते आपणहून येतं.

तेवढ्यात वरून हात आला. एनॉकचा हात, माशी मारावी तसा झटकन, टिबच्या मानेवर. टिब सटकली आणि बिळात गडप झाली.

"बघ!" एनॉक म्हणाला. "सरली की नाही मागे? दबणारीच निघाली. मी सांगत होतो."

थर्झा त्या हाताकडे बघत राहिली. तो चुकून पडलेला हात नव्हता. वर्षानुवर्षांच्या सवयीचा होता.

"बाबा, तुम्ही दरवेळी असाच हात घालता?"

"धरायला नको? नाहीतर परत आत जातं ते."

"अहो, तुम्हीच मला शिकवलंत की धरायचं नाही! एकदा झडप घातली की जनावर कायमचं दबतं म्हणून!"

"तुला शिकवलं. नवख्यानं धरायचं नसतं. माझी गोष्ट वेगळी. मला कळतं कधी धरायचं ते."

थर्झाला वाटलं, आपलं डोकं फुटेल. मॉथ. गेल्या हंगामातली तीन. त्याआधीची करडी, ठिपक्यांची, एका डोळ्याची. सगळी चांगली होती. याच हातानं बिघडवलेली आणि याच हातानं मारलेली. आणि खड्डे मी खणले, रडत रडत, बाबांना सगळं कळतं असं समजून!

"उठा," ती म्हणाली. कुजबुज संपली होती. "पलीकडे जाऊन बसा. आत्ताच्या आत्ता."

एनॉकनं तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि काठी टेकत भिंतीपलीकडे गेला.

मग तास गेला. टिब तीनदा तोंडाशी आली आणि तीनदा मागे सरली. तिसऱ्यांदा इतकी जवळ होती की थर्झाचाही हात शिवशिवला. नुसतं मनगट वळवायचा अवकाश, धरलीच असती. आपणही त्याच बापाची पोर, हे तिला त्या क्षणी कळलं आणि स्वतःचाही संताप आला. तिनं तळवा जमिनीत दाबून धरला. बोटं थंडीनं बधिर झाली. चौथ्यांदा टिब आली, बोटं हुंगली, एक पाय ठेवला, काढला, पुन्हा ठेवला आणि मग अख्खी चढून तिच्या बाहीत शिरली.

"नशीब तुझं," भिंतीवरून एनॉक म्हणाला. सगळं बघत होता तर! "पण एकदा दबलं ते दबलं. घरी गेल्यावर बघतो मी तिचं."

"हात लावून बघा."

फाटकापाशी अल्डरसन उभा होता. त्यानं तिन्ही ससे पाहिले आणि रीतीप्रमाणे म्हाताऱ्याला विचारलं, "काय एनॉकदादा, नवं जनावर झालं का तयार?"

"कसलं तयार," एनॉक म्हणाला. "वाया गेलेलं आहे. त्याचं काय करायचं ते मी..."

"तयार आहे," थर्झा म्हणाली. "आजवर यांनी मारली ना, तीही सगळी तयार होती. हे बिळाच्या तोंडाशी हात घालतात. आधी बिघडवतात, मग फावड्यानं मारतात. आज माझ्या डोळ्यांनी बघितलं मी."

अल्डरसननं तोंडातला पाइप काढला. त्या खोऱ्यात फेरेटवाल्याला याहून मोठी शिवी नव्हती.

"थर्झे! लोकांसमोर?" एनॉकचा आवाज चिरकला.

"लोकांसमोरच. तुमचं कौतुक लोकांसमोरच व्हायचं ना?"

अल्डरसन बराच वेळ बुटाच्या टोकानं चिखल उकरत राहिला. मग त्यानं विचारलं, आणि या वेळी म्हाताऱ्याकडे बघितलं नाही.

"बुधवारी वरच्या बांधावर येशील, थर्झा?"

"येईन."

एनॉकनं फावड्यासाठी हात पुढे केला. थर्झानं ते दुसऱ्या खांद्यावर घेतलं आणि चालू लागली.